उंदीर सगळ्यांना दिसत होते

१८९६चा पावसाळा सरत आला तेव्हा मुंबईच्या मांडवी भागात मेलेले उंदीर सापडू लागले. गोदीला लागून असलेली ही वस्ती धान्याच्या व्यापाऱ्यांची. तळमजल्यावर गोण्यांच्या थप्प्या, वरच्या मजल्यांवर दाटीवाटीने राहणारी माणसं. उंदीर तिथे नेहमीचेच होते. पण आता ते दिवसाढवळ्या बाहेर येत, झिंगल्यासारखे फिरत आणि माणसांच्या डोळ्यांदेखत मरत. मग माणसांना ताप भरू लागला, जांघेत नाहीतर काखेत गाठ येऊ लागली आणि धडधाकट माणूस चार-पाच दिवसांत जाऊ लागला. मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे आणि मांडवीत दवाखाना चालवणारे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी २३ सप्टेंबरला महापालिकेच्या स्थायी समितीला सांगून टाकलं की हा गाठीचा प्लेग आहे.

महापालिकेने काय केलं? गटारं धुतली.

समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक ॲसिड पंपांनी मोऱ्यांमध्ये सोडलं गेलं. घरांना चुना फासला गेला, अंधाऱ्या खोल्यांत ऊन पडावं म्हणून छपरांची कौलं उतरवली गेली, जमिनी उकरल्या गेल्या. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ ही तीन इंग्रजी अक्षरं रंगवली गेली. कामचुकारपणाचा आरोप त्या पालिकेवर करता येणार नाही. आयुक्त स्नो आणि आरोग्य अधिकारी डॉ. वीअर यांच्या माणसांनी ते शहर अक्षरशः घासून काढलं. मेलेल्या उंदरांचे उल्लेख त्या काळच्या सरकारी कागदपत्रांत आहेत. कुणी ते लपवले नाहीत, कुणाच्या नजरेतून ते सुटलेही नाहीत. रोग कसा पसरतो याची जी गोष्ट सगळ्यांच्या डोक्यात आधीपासून तयार होती, तिच्यात उंदरांना कामच नव्हतं, एवढंच.

ती गोष्ट हवेची होती, आणि मुंबईत ती फार जुनी होती. सतराव्या शतकाच्या अखेरीस इथे आलेला पाद्री जॉन ओव्हिंग्टन याने, मुंबईत गोऱ्या माणसाचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं, अशा अर्थाची म्हण नोंदवून ठेवली आहे. साहेब इतके का मरतात, याचा दोष तेव्हा नारळाच्या बागांवर आला. माडांच्या बुंध्याशी माशांचं खत घालायची इथली रीत होती. त्या कुजक्या वासाने हवा बिघडते आणि बिघडलेल्या हवेने ताप येतो, असं ठरवून कंपनी सरकारने त्या खतावर बंदी घातली. माडवाल्यांना हे मानवलं नसणार, पण साहेबाच्या नाकापुढे कुणाचं चालणार? बेटांमधल्या खाजणांनाही हाच दोष लागला आणि ती बुजवण्याच्या कामाला आरोग्याचं कारण मिळालं.

एकोणिसाव्या शतकात या समजुतीला शास्त्राची झूल चढली. लंडनमध्ये आरोग्यसुधारक एडविन चॅडविकने दुर्गंध म्हणजेच रोग, इथवर मजल मारली. १८६४मध्ये डॉ. अँड्र्यू लीथ यांनी मुंबईच्या आरोग्यस्थितीचा अहवाल लिहिला तो याच चष्म्यातून: कुठे मैला साचतो, कुठे ओल मुरते, कुठे वारा अडतो. शहराची नाली-गटारं, कत्तलखाने, स्मशानं, कबरस्तानं यांवरचे पुढल्या तीस वर्षांतले वाद बहुतेक या एका सूत्रावर झाले.

हे केवळ विलायती खूळ होतं असं मात्र नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात जनपदोद्ध्वंसावर एक स्वतंत्र अध्याय आहे. माणसांची प्रकृती, आहार, वय वेगवेगळं असताना एकाच रोगाने अख्खा मुलूख एकदम कसा ओस पडतो, असा प्रश्न शिष्य अग्निवेश विचारतो. प्रश्न फर्मास आहे. साथरोगशास्त्र आजही इथूनच सुरू होतं. गुरू आत्रेयांचं उत्तर असं की वायू, उदक, देश आणि काल या चार गोष्टी सगळ्यांना समान असतात. त्या बिघडल्या की सगळेच आजारी पडतात. त्यामुळे लंडनहून आलेला डॉक्टर आणि गिरगावातला वैद्य औषधावरून भांडले, तरी मुळाशी दोघांचं एकमत होतं. सगळ्यांना एकदम गाठणारा रोग सगळ्यांभोवती असलेल्या गोष्टीतूनच येणार, हे दोघांनाही इतकं उघड वाटत होतं की ते सिद्ध करायची गरज कुणाला भासली नाही. घराघरांत हवापालटाला जायची रीत होतीच. पाचगणी आणि देवळालीच्या बंगल्यांची निम्मी भाडी या विश्वासावर वसूल झाली असतील.

कुणी म्हणेल, तेव्हा जंतू ठाऊक नव्हता म्हणून असं झालं. पण तो ठाऊक होता. प्लेगचा जंतू १८९४मध्ये हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांद्र येर्सां याने शोधला होता. मेलेल्या उंदरांतही तोच जंतू असल्याचं त्याने दाखवलं होतं आणि प्लेगच्या प्रसारात उंदरांचा मोठा वाटा आहे असं लिहूनही ठेवलं होतं. १८९६च्या ऑक्टोबरात जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका लहानशा प्रयोगशाळेत त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू रोज दिसत होता. तरीही गटारं धुणं थांबलं नाही, कारण जंतू आला तो जुन्याच घरात भाडेकरू म्हणून राहायला. पूर्वी जमिनीतून विषारी वाफ निघायची, आता तिथे जंतू वाढू लागला. नाव बदललं, पत्ता तोच राहिला.

मग उंदरांचं काय? त्यांचाही हिशेब लावला गेला. उंदीर बिळात राहतो, त्याचं नाक जमिनीला लागलेलं असतं. तेव्हा जमिनीतलं विष त्याला आधी लागणार आणि माणसाला नंतर. म्हणजे उंदीर हा माणसाआधीचा रोगी झाला, पण रोग आणणारा झाला नाही. तर्कात खोट काढायला जागा नाही. दुसरी एक अटकळ अशी की उंदरांनी नासवलेल्या धान्यातून रोग पोटात जातो. तिसरी सगळ्यांत बोलकी आहे. गोऱ्या लोकांना प्लेग क्वचितच होत होता. का? तर ते बूट घालतात. इथली माणसं शेणाने सारवलेल्या जमिनीवर अनवाणी चालतात, तळपायाच्या भेगांतून जंतू आत शिरतो. पुरावा म्हणून गाठीकडे बोट दाखवलं जाई: बहुतेकांना गाठ जांघेत येते, म्हणजे विष पायातून वर चढलेलं असणार.

यातली निरीक्षणं खरी आहेत. गाठ जांघेतच जास्त येते आणि विष पायातूनच वर चढतं. ते पायाला येतं कुठून, एवढीच कडी चुकली होती. जमिनीवरची पिसू चार इंचांच्या वर उडी मारू शकत नाही, म्हणून ती पायाला चावते. साहेबाला प्लेग होत नव्हता कारण त्याचा बंगला धान्याच्या वखारीवर बांधलेला नव्हता. पण हे कळायला अजून दहा वर्षं होती, आणि अनवाणी पायांचं उत्तर ‘नेटिवांच्या’ सवयींबद्दल साहेबाच्या मनात आधीच असलेल्या मताशी चपखल जुळत होतं. जुळणारं उत्तर मिळालं की शोध थांबतो.

सरकारच्या डोक्यात हवेच्या जोडीला दुसरंही एक चित्र होतं: रोग माणसाला माणसापासून लागतो. युरोपातल्या मध्ययुगीन प्लेगच्या आठवणींतून ते आलेलं होतं, आणि ४ फेब्रुवारी १८९७च्या साथरोग कायद्याने त्याला हातपाय दिले. रोग्याला उचलून इस्पितळात, घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत आणि सामान होळीत. पुण्यात प्लेग अधिकारी वॉल्टर रँडच्या कारकिर्दीत गोरे सोजीर घराघरांत, देवघर-माजघरात शिरले. त्याचा शेवट २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवरच्या गोळीबारात कसा झाला, ते महाराष्ट्रातल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. त्याआधी, १० मार्चला, रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या. मुंबईत तर ऑक्टोबर १८९६मध्येच गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला होता.

लोकांच्या डोक्यातली चित्रंही काही कमी अफाट नव्हती. इस्पितळात माणसाला उलटं टांगून त्याची मोमियाई काढतात, अशी बोलवा होती. राणीच्या पुतळ्याला कुणीतरी डांबर फासलं त्याचा सूड म्हणून राणीने मुंबईकरांची काळजं मागवली आहेत, अशीही. सरकारने माणसं ओढून न्यायची आणि ती परत यायची नाहीत, एवढं डोळ्यांपुढे घडत असताना या गोष्टी सुचायला फार कल्पनाशक्ती लागत नव्हती.

पण याच लोकांकडे एक गोष्ट अशी होती जी सरकारकडे नव्हती. गावाकडे ‘उंदीर पडले’ म्हटलं की घर सोडायचं. माळावर, शेतात पाल किंवा झोपडी ठोकायची आणि काही आठवडे तिथेच राहायचं. हिमालयातल्या गढवाल-कुमाऊँमध्ये, जिथे प्लेग आधीपासून मुक्कामाला होता, तिथेही हाच शिरस्ता होता. मराठवाड्या-खानदेशापासून दक्षिण महाराष्ट्रापर्यंत ‘प्लेगाच्या साली आम्ही माळावर होतो’ हे वाक्य आजी-आजोबांच्या तोंडून ऐकलेली पिढी अजून हयात आहे. का निघायचं, याचं उत्तर मात्र गावोगाव निराळं होतं. देवीचा कोप, जागेचा दोष, बिघडलेली हवा. कारण चुकीचं आणि कृती नेमकी बरोबर! शहरी माणसाची गत नेमकी उलटी झाली. १८९१च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती आठ लाखांवर होती. १८९७च्या सुरुवातीला त्यातले निम्म्याच्या आसपास लोक शहर सोडून निघाले, आणि बोचकी-वळकट्यांबरोबर रोग रेल्वेने घाटावर पोचला.

१८९८च्या उन्हाळ्यात कराचीत पॉल-लुई सिमाँ नावाचा फ्रेंच लष्करी डॉक्टर प्लेगच्या रोग्यांचे पाय निरखत होता. काहींच्या पायावर त्याला बारीकसा फोड दिसला आणि त्या फोडातल्या पाण्यात जंतू सापडले. हे कीटकाच्या चाव्यासारखं आहे, हे त्याच्या ध्यानात आलं. दुसरी गोष्ट: नुकता मेलेला उंदीर उचलणारे आजारी पडत, पण मरून थंडगार झालेला उंदीर हाताळणाऱ्यांना काही होत नसे. थंड झालेल्या उंदरावर पिसवा राहत नाहीत. २ जून १८९८ रोजी त्याने एका मोठ्या काचेच्या बरणीत पिसवांनी भरलेला प्लेगचा उंदीर ठेवला आणि तो मरायला टेकल्यावर जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर त्याच बरणीत सोडला. दोघांचा स्पर्श होणं शक्य नव्हतं. काही दिवसांत दुसराही प्लेगने मेला.

त्या प्रयोगाची कुणी दखल घेतली नाही असं नाही. घेतली आणि तो झिडकारला. सरकारने नेमलेला भारतीय प्लेग आयोग १८९८-९९मध्ये देशभर साक्षी घेत फिरत होता. त्याने सिमाँचं म्हणणं विचारात घेण्याजोगंही मानलं नाही. काही जणांना त्याचा प्रयोग तसाच्या तसा जमला नाही हे एक कारण होतं. पण खरी अडचण अशी की माणसाचा रोग किड्यामार्फत येतो हीच कल्पना अंगवळणी पडलेली नव्हती. रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला तो ऑगस्ट १८९७मध्ये, म्हणजे जेमतेम वर्षभर आधी. डास पचायलाच अजून वेळ लागणार होता, त्यात ही पिसू!

लुडविक फ्लेक या पोलिश डॉक्टरने १९३५मध्ये उपदंशाच्या चाचणीच्या इतिहासावर पुस्तक लिहिताना ‘विचारशैली’ ही कल्पना मांडली. एका पेशातली माणसं एकत्र शिकतात, एकत्र बोलतात, आणि कशाला वस्तुस्थिती म्हणायचं, कशाला योगायोग, हे त्या सहवासात ठरून जातं, असं त्याचं म्हणणं. फ्लेकने मुंबईचं उदाहरण घेतलेलं नाही, पण आयोगाचे जाडजूड खंड त्याच्या हाती पडते तर त्याला दुसरीकडे जावं लागलं नसतं. त्या खंडांत साक्षीदार उंदरांबद्दल सांगत राहतात आणि निष्कर्ष माणसांबद्दल निघत राहतात.

चित्र बदललं ते मुंबईच्याच एका चाळीत. १९०३च्या एप्रिलमध्ये तिथे उंदीर मरू लागले, मग एकाएकी मरायचे थांबले. काही दिवसांतच चाळकऱ्यांना पिसवांनी इतकं बेजार केलं की लोक खोल्या सोडून व्हरांड्यात झोपू लागले. आणि मग प्लेग. ग्लेन लिस्टन हा तरुण लष्करी डॉक्टर तिथे पोचला तेव्हा त्याने माणसांच्या अंगावरच्या तीस पिसवा गोळा केल्या. त्यातल्या चौदा उंदरांवरच्या जातीच्या निघाल्या. म्हणजे यजमान संपला म्हणून पाहुणे शेजारी आले होते. लिस्टनने हे लिहिलं ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात, पक्षी-फुलपाखरांच्या शेजारी. पिसवांच्या जाती वेगळ्या ओळखणं ही तेव्हा डॉक्टरांची विद्या नव्हती. ती किडे जमवणाऱ्या हौशी मंडळींची होती. वैद्यकाचं अडलेलं गाडं असं बाहेरून सुटलं.

१९०५ साली नवं संशोधन मंडळ बसलं आणि परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात कामाला लागलं. तिथलीच प्रयोगशाळा पुढे हाफकिन इन्स्टिट्यूट झाली. आवारात छोटी घरं मुद्दाम बांधली गेली आणि त्यात प्लेगचे उंदीर, पिसवा आणि गिनीपिग ठेवले गेले. जमिनीपासून दोन इंच उंच टांगलेल्या पिंजऱ्यातला प्राणी आजारी पडला, दोन फूट उंचीवरचा वाचला. हवा दोघांची एकच होती. माकडाच्या पिंजऱ्याभोवती पिसवेच्या उडीपेक्षा रुंद चिकट कागद अंथरला तर माकड सुरक्षित राहिलं. शहरभरातून लाखावर उंदीर तपासले गेले आणि क्रम उलगडला: आधी गटारातला तपकिरी उंदीर मरतो, मग आठ-दहा दिवसांनी घरातला काळा, आणि त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी माणूस. एक प्रश्न तरीही उरला होता: पिसू जंतू टोचते कसा? तो १९१४मध्ये लंडनमध्ये बॅकट आणि मार्टिन यांनी सोडवला. पिसवेच्या घशात जंतूंचा बोळा बसतो, रक्त पोटात उतरत नाही, भुकेने पिसाटलेली पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि दर चाव्याला जंतू उलटून टाकते.

तोवर भारतात प्लेगने लाखो बळी घेतले होते. हा आकडा पुढे कोटीच्या वर गेला.

इकडे शहर मात्र हवेच्या हिशेबानेच नव्याने बांधलं जात होतं. १८९८च्या कायद्याने बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला होता. दाट वस्तीत समुद्राचा वारा शिरावा म्हणून त्याने पश्चिमेकडून पूर्वेकडे रुंद रस्ते काढले: प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड. नागपाड्यातल्या चाळी पाडल्या, आणि तिथली माणसं शेजारच्या चाळींत आणखी दाटीने राहायला गेली, कारण पाडण्याचा वेग बांधण्याला कधीच गाठता आला नाही. ट्रस्टचे अध्यक्ष ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम धरून ठेवला: खिडकीसमोर इतकी मोकळी जागा हवी की समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंतचा कोन त्याहून मोठा होता कामा नये. सोप्या भाषेत, इमारतीच्या उंचीच्या निदान निम्मी मोकळी जागा. प्लेगचा खरा मार्ग कळल्यावरही हा नियम तसाच राहिला. दादर, माटुंगा, वडाळा इथे ट्रस्टने आखलेल्या वसाहती, हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, पाच बागा, हे सगळं या वायुविचाराचं अपत्य. पक्की जोती, धान्यगोदामांपासून दूर, मधे मोकळी जागा. अशा घरांत काळ्या उंदराला बिऱ्हाड थाटायला वाव कमीच. त्यामुळे चुकीच्या कारणासाठी आखलेल्या या वस्त्या बऱ्याच अंशी बरोबरही ठरल्या, आणि मुंबईतल्या सर्वांत राहण्याजोग्या वस्त्यांत आजही मोडतात. ‘हवेशीर, भरपूर उजेड’ हे शब्द घरांच्या जाहिरातींतून अजून गेलेले नाहीत.

मुंबईच्या त्या साथीनंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, १९९४च्या ऑगस्टमध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात पुन्हा उंदीर पडू लागले आणि घरांत पिसवा झाल्याची तक्रार गावकऱ्यांनी केली. पिसवांवर औषध फवारलं गेलं. थोड्याच दिवसांत गाठीच्या तापाचे संशयित रोगी सापडले. आदल्या वर्षीच्या किल्लारीच्या भूकंपानंतर सोडून दिलेल्या घरांत धान्य पडून राहिलं, त्यावर उंदीर माजले, असा तेव्हा अंदाज बांधला गेला. सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग जाहीर झाला. लाखो माणसं रेल्वेगाड्यांना लोंबकळून पळाली, मुंबईच्या दुकानांतलं टेट्रासायक्लिन संपलं आणि देशभरातले कॅमेरे सुरतेतल्या कचऱ्याच्या ढिगांवर रोखले गेले. फुप्फुसाचा प्लेग खोकल्याच्या तुषारांतून, म्हणजे हवेतूनच, माणसाकडून माणसाला जातो. कचऱ्याच्या वासाचा त्याच्याशी संबंध नसतो. तरीही पुढच्या दोन वर्षांत सुरत महापालिकेने ढिगारे उचलले, गटारं साफ केली, रस्ते रुंद केले आणि देशातल्या सर्वांत स्वच्छ शहरांत नाव मिळवलं.